विसरतंय कोण, सीट का मी?

जालन्यात लोखंड वितळवणारे आहेत, बियाणं विकणारे आहेत, मोसंबीचे ट्रक भरणारे आहेत. त्यांना कोणी "तुम्ही नेमकं करता काय?" असं विचारत नाही. मला मात्र सगळे विचारतात. सोयरिकीच्या बैठकीत विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात, एकदा तर स्मशानात सरण रचणं चालू असताना एकानं हळूच विचारलं. मी सांगतो, "गाडीच्या सीटा दुरुस्त करतो." समोरचा मान हलवतो, थोडा विचार करतो आणि म्हणतो, "बरं. आन बाकीची गाडी?"

बाकीची गाडी दुसरे करतात. गाडीखाली झोपणारे मिस्त्री जिल्ह्यात पोत्यानं सापडतील. सीटखाली डोकं घालणारा मी एकटा, निदान माझ्या माहितीत तरी. वडील जीपच्या गाद्या शिवायचे. मला सुईचा कंटाळा, म्हणून मी वायरिंग शिकलो. पुढं सीटमध्येच मोटरी आल्या आणि वडिलांपासून पळून गेलेला मी परत गादीपाशीच येऊन पडलो. वडील असते तर पोट धरून हसले असते.

आता हे काम काय असतं ते सांगतो. महागड्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली तीन-चार मोटरी असतात. एक पुढं-मागं नेते, एक वर-खाली करते, एक पाठ कलवते. दारावर एक आणि दोन अशी बटणं असतात. तुम्ही आपल्या सोयीनं बसायचं आणि ती बैठक एक नंबरवर ठेवून द्यायची. मग बायकोनं चालवून सीट पार पुढं ओढलेली असली, तरी एक दाबलं की सीट गुपचूप तुमच्या जागेवर येते. लोकांना वाटतं सीट माणूस ओळखते. ती कोणालाच ओळखत नाही. मोटर किती फिरली तेवढं ती मोजते आणि लक्षात ठेवते. मोजणी चुकली की ती हरवते. मग तिला एकदा पार पुढच्या टोकाला आणि एकदा पार मागच्या टोकाला टेकवून आणावं लागतं, म्हणजे तिला आपलं गाव सापडतं. माझं अर्धं काम एवढंच.

उरलेलं अर्धं काम म्हणजे रुळात अडकलेल्या वस्तू काढणं. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांत मला सुपारी सापडली आहे, कानातलं सापडलं आहे, बाळाचा वाळा सापडला आहे. पण आमच्याकडचा मुख्य रोग म्हणजे अक्षता. नवी गाडी आली की पूजा होते आणि भटजीबुवा मूठभर तांदूळ दार उघडून आत उधळतात. गाडी बनवणाऱ्यांनी धुळीचा, पाण्याचा, उन्हाचा सगळा विचार केलेला असतो. भटजीबुवांचा केलेला नसतो.

एकदा पिंपळगाव रेणुकाईहून फोन आला. नवरा-नवरी देवीच्या दर्शनाला आले होते. नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या पदराची गाठ बांधलेली. नवरा ड्रायव्हरच्या मागं बसलेला, त्याच्या उपरण्याचं टोक पुढच्या सीटखाली गेलेलं. गाडी चालवणारा त्याचा उंचापुरा मित्र. त्यानं बसल्याबरोबर आपल्या नंबरचं बटण दाबलं, सीट मागं आली आणि उपरणं गिळून बसली. मी पोचलो तेव्हा गाडीभोवती जत्रा भरली होती. मी म्हणालो, गाठ सोडा, दोघं उतरा, मी निवांत काढतो. नवऱ्याची आत्या दारात आडवी उभी राहिली. "गाठ देवीम्होरंच सुटंल. कापायची तर बिलकुल बात करू नका." मग दोघं आत बसलेलेच, आणि मी त्यांच्या पायांत आडवा पडून मोटर बाजूला करून रुळाचा स्क्रू हातानं उलटा फिरवतोय. वरून नवरा कानाशी वाकून म्हणाला, "भाऊ, जल्दी करा. मला जरा बाहेर जायचंय." तोवर मान खाली घालून बसलेली नवरी एवढ्या जोरात हसली की आत्याबाईंनासुद्धा हसू आवरेना. संसार चांगला चालला आहे असं ऐकतो.

पण मला सांगायची आहे ती टेंभुर्णीच्या आप्पांची गोष्ट. गाडीचा बिघाड वाचणारं मशीन माझ्याकडं आहे. इतक्या वर्षांत ते लावून जो बिघाड सापडला नाही, तो या एकाच घरात.

आप्पा म्हणजे सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस. जन्म ट्रॅक्टरवर आणि जीपवर गेलेला. गुडघ्याची वाटी बदलली तेव्हा पुण्याच्या मुलानं, मनोजनं, बिनगिअरची मोठी गाडी घेऊन दिली, बटणावर उठणाऱ्या-बसणाऱ्या सीटची. ती जमवून घ्यायला आप्पा माझ्या दुकानी आले. सोबत त्यांच्या पत्नी, माई. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. आप्पांनी अख्खी दुपार घेतली. "अजून एक बोट म्होरं. हां. आता अर्धं बोट मागं. न्हाई, लई झालं." बोलता बोलता तंबाखू मळायची, चुन्याचं बोट पुसायचं आणि पुन्हा बसून बघायचं. लग्नाच्या कोटाचं मापसुद्धा इतकं कोणी घेत नसेल. शेवटी गुडघ्याला जागा मानवली. मी ती एक नंबरवर ठेवली आणि दोन नंबर मनोजसाठी.

माई तोवर चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भाऊ, हिला एकदा शिकवलं का जन्मभर याद राहतंय?"

माझ्या धंद्यावर कोणी प्रश्न विचारला की मी फुलतो. म्हणालो, "राहतंय की माई. फक्त बॅटरीची तार निघाली न्हाई पाहिजे. या गाडीची सीट मंग सगळं विसरती. गाडी चालू होती, पण सीट बोटबोटभरच हालती आन बटणाचं ऐकत न्हाई."

"ट्रॅक्टरची काढतात तशी तार?"

"तश्शीच. दहाचा पाना लावला का निघती."

आमच्या भागात रात्री ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार काढून ठेवायची पद्धत आहे. त्यानं चोर आणि घरातली पोरं, दोघांचीही गैरसोय होते. माईंनी मान हलवली आणि कप खाली ठेवला.

पुढं काही दिवसांनी आप्पांचा फोन. "मिस्तरी, सीट विसरली."

गेलो. मशीन लावलं. मशीन म्हणालं, मधे वीज तुटली होती. तार जरा सैल असेल म्हणून घट्ट केली, सीटला दोन्ही टोकं दाखवली, आप्पांची जागा पुन्हा बसवून दिली. चहा पिऊन परत आलो. पुन्हा फोन. पुन्हा गेलो. अर्थिंगची तार साफ केली, फ्यूज बदलले, सीटखालचा प्रत्येक जोड हलवून पाहिला. काही दिवस ठीक. पुन्हा फोन. टेंभुर्णीचा रस्ता माझ्या मोटरसायकलला पाठ झाला, आणि माझी धंद्यातली ऐट सीटसारखीच बोटबोटभर मागं सरकायला लागली.

आप्पांनीच एक गोष्ट हेरली होती. "मला गावाबाहीर जायचं ठरलं का हिला आठवत न्हाई. जायचं नसलं तव्हा बराबर चालती." मी हसण्यावारी नेलं. बिघाडाला तुमचं वेळापत्रक कळत नसतं, असंही काहीतरी म्हणालो.

एका सकाळी गेलो तेव्हा आप्पा अंगणात फोनवर होते. फोन मोठ्या आवाजात. पलीकडून मनोज समजावत होता. "आप्पा, मिस्तरी येऊन गेले ना? मशीनमध्ये काही सापडत न्हाई. सीट विसरत नसती. तुम्ही दुसरंच बटण दाबत असाल. आता ड्रायव्हर ठेवू आपण."

आप्पांनी फोन ठेवला. मला बाजेवर बसवलं. बराच वेळ तंबाखू मळत राहिले, तोंडात मात्र टाकली नाही.

"मिस्तरी, माझा थोरला भाऊ तुला ठावं न्हाई. शेवटी शेवटी त्याला आपलाच बांध ओळखू येईना. दुसऱ्याच्या वावरात जाऊन भांडायचा. सुरुवात अशीच झाल्ती. किल्ली कुठं ठेवली, बैल सोडला का बांधला." त्यांनी तंबाखू पुन्हा चोळली. "मी रोज पहाटं न्हाताना अडीचकीचा पाढा म्हणून पाहून राह्यलो. काल त्रिक अडीचला अडकलो. खरं सांग. विसरतंय कोण, सीट का मी?"

इतके दिवस मी एका सीटकडं बघत होतो आणि इकडं एक माणूस रोज पहाटे स्वतःची परीक्षा घेत होता. मी म्हणालो, "आप्पा, आज सापडल्याबिगर जात न्हाई."

आप्पा जनावरांना पाणी दाखवायला गेले. मी बॉनेट उघडलं. मशीन बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच बॅटरीकडं नीट डोळ्यांनी पाहिलं. जुन्या बॅटरीवर पांढरट-हिरवा खार धरतो, तो मला झोपेतही ओळखू येईल. इथं टर्मिनलच्या नटावर पिवळं बोट उमटलं होतं. वास घेतला. हळद. नटाच्या कडा पाना लागून लागून चकाकत होत्या. दसऱ्याच्या पूजेची हळद इतकी ताजी राहत नाही, आणि पूजा करणारा नट खोलत नाही.

मी बॉनेट तसंच उघडं ठेवून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. माई कालवणाला फोडणी देत होत्या. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, मग उघड्या बॉनेटकडं पाहिलं, आणि गॅस बारीक केला.

"सापडलं व्हय तुम्हाला?"

"माई, असं का?"

त्यांनी मसाल्याच्या डब्यामागून दहाचा पाना काढून ओट्यावर ठेवला. हळूच बोलायला लागल्या. "देऊळगावच्या वाटंवर लोकांनी रस्त्यावर मका वाळत घातल्ती. यांनी त्या मक्यावरून गाडी घातली. सगळी. मी बाजूला बसलेली, वरडले, तव्हा थांबले. मका हालवायला एक बाई बसल्ती, ती नुकतीच उठून पाणी प्यायला गेल्ती म्हणून वाचली. हे म्हणले, ऊन डोळ्यावर आलं. ऊन मागून होतं भाऊ. यांना दिसत न्हाई. पोराला सांगितलं तर तो गाडीच काढून घेईल आन सगळ्या गावात होईल. यांची इज्जत जाईल. अन् यांचा नेम तुम्हाला ठावं हाय, जागा बराबर बसली न्हाई का गाडीला हात लावत न्हाईत. मंग म्या म्हणलं, जागाच बसू द्यायची न्हाई."

म्हणजे विद्या मीच शिकवली होती, चहाच्या कपावर. पाच मिनिटं तार काढायची, परत लावायची. गाडी चालू, सीट बेपत्ता. माझ्या हाताखालून गेलेला एकही गडी इतक्या लवकर काम शिकला नाही.

मला हसू येत होतं, पण हसण्याची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, "माई, आप्पा पहाटं अडीचकी म्हणतात ते ऐकता ना?"

"म्हातारपणाचा छंद. म्हणंनात."

"छंद न्हाई. डोकं जागेवर हाय का ते पाहून राह्यलेत. त्यांना वाटतंय भावासारखं झालं. काल अडखळले म्हणून आज मला विचारलं, सीट विसरती का मी."

माई उंबऱ्यावर बसल्या. फोडणी करपायला लागली तरी उठल्या नाहीत. डोळ्याला पदर लावला, आणि मग एकदम उठून त्याच पदरानं नाक पुसून अंगणात गेल्या. हातात पाना.

"आहो, इकडं या."

आप्पा बादली घेऊन आले.

"सीटंची तार मी काढत व्हते. हा पाना. तुम्ही काही विसरत न्हाईत. तुमचं डोकं माझ्यापरीस चांगलं हाय."

आता इथं मोठं भांडण होणार म्हणून मी दोन पावलं मागं सरकलो. आप्पांनी बादली खाली ठेवली. पान्याकडं पाहिलं, माईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चेहरा हळूहळू असा उजळला की मी तो विसरणार नाही.

"म्हंजे मी विसरत न्हाई?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना!"

आप्पा बाजेवर बसून हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. "मिस्तरी, ऐकलंस का? मी विसरत न्हाई! बे अडीच पाच, त्रिक अडीच साडेसात, चोक अडीच दहा!" सगळी अडीचकी त्यांनी अंगणात उभी करून दाखवली. संपल्यावर त्यांना राग आठवला. "पन काढत का व्हतीस?"

माई म्हणाल्या, "मका."

एकच शब्द. आप्पांचं हसू थांबलं. त्यांनाही माहीत होतं. मला वाटतं मका टायरखाली आली त्या क्षणापासून माहीत होतं, फक्त दुसऱ्या कोणी म्हणेपर्यंत ते खरं धरायचं नव्हतं. मग म्हणाले, "ती बाई रोज सपनात येती माझ्या." आणि थोड्या वेळानं, एकदम हट्टानं, "पन ड्रायव्हर ठेवणार न्हाई. परक्या माणसाच्या बाजूला बोचक्यासारखं बसून मी कुठं जाणार न्हाई."

"नका ठेवू. मी चालवते."

आप्पा हसले. मीही हसलो, हे कबूल करायला हरकत नाही. माई हसल्या नाहीत. "पेरणीला ट्रॅक्टर कोण सरळ धरायचं? तुम्ही मागं बियाण्याच्या मुठीवर, मी म्होरं. तव्हा बरं हसला न्हाईत."

मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, असं आप्पांना तपासून डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे साखरेनं मागच्या पडद्याचं झालं होतं. आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं येणार नाही. माईंनी गाडी शिकवणाऱ्या बाईंकडं नाव घातलं आणि परवाना काढला. मनोजला तो काढून झाल्यावर कळवलं.

मग एक दिवस ती गाडी माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. स्टिअरिंगमागं फक्त कपाळ आणि कुंकू दिसत होतं. बाजूच्या सीटवर आप्पा, हातानं इशारे करत, "डावीकडं, डावीकडं, आता ब्रेक!" ब्रेक केव्हाच लागलेला होता. माईंची जागा बसवली. सीट पार पुढं, पार वर, आता याहून पुढं नेली तर बॉनेटवर बसतील अशी. सगळं जमल्यावर मी विचारलं, "माई, मनोजचं दोन नंबर पुसून त्यावर ठेवू ना तुमचं?"

माई आप्पांकडं पाहत होत्या. आमच्याकडं घरात कर्त्या माणसाच्या पाटावर दुसरं कोणी बसत नाही, आणि एक नंबर हा आप्पांचा पाट होता. आप्पांनी खिडकीबाहेर बघत चुना तंबाखूला लावला.

"एकवर हिला ठेव," ते म्हणाले. "माझं दोनवर असू दे. पुसू नको."

मी दोन्ही ठेवली. दोन नंबरवर पुन्हा कधी कोणी बसणार नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी आप्पांची जागा मी बोटाबोटानं, पहिल्या दिवशी लावली होती तशीच लावून दिली. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचं फार वाईट वाटलं. सीटला दोन टोकं दाखवली की ती परत जागेवर येते. माणसाचं तसं काही मला करता येत नाही.

आता या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. माई गाडी घेऊन दुकानी आल्या. त्यांचं म्हणणं, "भाऊ, सीट विसरली."

मी मशीन लावलं. मशीन म्हणालं, मधे वीज तुटली होती.

बॉनेट उघडलं. टर्मिनलच्या नटावर पांढरं बोट. खार नव्हता तो. चुना होता. मी मान वर केली. आप्पा माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली हात मागं बांधून झाडाच्या शेंड्याकडं बघत उभे होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "बे अडीच पाच, त्रिक अडीच साडेसात..." सदऱ्याच्या खिशातून दहाच्या पान्याचं टोक बाहेर आलेलं.

"मिस्तरी," त्यांनी झाडालाच विचारलं, "विसरतंय कोण? सीट का ही?"

ट्रॅक्टरवाल्यांसाठी मी टर्मिनलवर बसणारं कुलपाचं झाकण ठेवतो. एकदा लावलं की किल्लीशिवाय तार निघत नाही. ते कपाटातून काढून मी माईंच्या हातावर ठेवलं आणि हळूच म्हणालो, "हे बसवतो. म्हंजे तरास न्हाई."

माईंनी ते उलटसुलट पाहिलं. त्यांना पाना माझ्या आधीच दिसला होता. त्यांनी झाकण परत माझ्या हातात दिलं.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "गाडीचं तेवढंच त्यांच्या हातात उरलंय. विसरू द्या सीटला."

मी झाकण कपाटात ठेवलं, सीट पार पुढं नेऊन टेकवली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागलो.